एक पायरी गाळून: बीएस-४ वरून थेट बीएस-६

एप्रिल २०१०. मुंबई, पुणे आणि सोलापूर या शहरांतल्या पंपांवर एका प्रकारचे डिझेल मिळू लागले होते आणि त्यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर दुसऱ्या. शहरांतले डिझेल बीएस-४ दर्जाचे होते (बीएस म्हणजे ‘भारत स्टेज’, वाहनांचा धूर आणि इंधन यांसाठीची सरकारी मानके; आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक), म्हणजे त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त ५० भाग, ज्याला आपण ५० पीपीएम म्हणतो. हमरस्त्यावरचे बीएस-३ दर्जाचे होते, त्याला ३५० पीपीएमपर्यंत मुभा होती. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसत. मुंबईहून निघालेला मालट्रक इंदापूरजवळ टाकी भरून घ्यायचा आणि ते सातपट गंधकाचे डिझेल सोलापुरात जाळायचा. परतीच्या वाटेवर पुण्यातही तेच. शहराची हद्द ट्रकला ओलांडता येत होती, धुराला तर ती कधी नव्हतीच.

देशातल्या तेरा महत्त्वाच्या शहरांसाठी त्या वर्षी बीएस-४ लागू झाले, बाकी देशाला बीएस-३. त्यातही एक मोठी सवलत होती. राष्ट्रीय परवान्यावर किंवा आंतरराज्य परवान्यावर धावणाऱ्या गाड्यांना या तेरा शहरांतही बीएस-४ ची सक्ती नव्हती. कारण सरळ होते. असा ट्रक वाटेत जिथे डिझेल भरणार तिथे ५० पीपीएमचे इंधन मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. कारण योग्य असले तरी परिणाम उलटा झाला. सर्वांत जास्त धूर सोडणारी आणि सर्वांत जास्त किलोमीटर धावणारी गाडीच नियमातून सुटली.

मी हे प्रकरण इथूनच सुरू करतो आहे, कारण २०१६ ते २०२० या काळात भारताने जे केले त्याचे महत्त्व या दोन डिझेलांशिवाय समजत नाही. बीएस-५ ची पायरी गाळून थेट बीएस-६ वर उडी मारली, एवढेच बहुतेकांना आठवते. माझ्या मते त्या निर्णयातली सर्वांत मोलाची गोष्ट उडीची लांबी नव्हती. एका तारखेला संपूर्ण देशात एकच इंधन मिळू लागले, ही होती.

टाकीतले गंधक

कच्च्या तेलात गंधक असतेच. शुद्धीकरण कारखान्यात ते काढले नाही तर ते डिझेलमध्ये उतरते, इंजिनात जळते आणि सल्फर डायऑक्साइड होऊन बाहेर पडते. पुढे हवेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्मकण बनतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे १०,००० पीपीएम. हा आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून हिशेब करून पाहा. ३०० लिटरच्या टाकीत साधारण २५० किलो डिझेल बसते. एक टक्का धरला तर त्यात अडीच किलो गंधक. बीएस-३ च्या ३५० पीपीएमला ते ८७ ग्रॅमवर येते, बीएस-४ ला साडेबारा ग्रॅमवर आणि बीएस-६ च्या १० पीपीएमला अडीच ग्रॅमवर. तीस वर्षांत किलोचे ग्रॅम झाले.

पण ५० वरून १० वर येताना गंधकाच्या धुरात होणारी घट तशी लहानच आहे. दहा पीपीएमचा खरा उपयोग धुराड्यातल्या यंत्रणेसाठी आहे. धुरातल्या घातक वायूंवर रासायनिक प्रक्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक तिथे बसवलेला असतो. गंधक त्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसते आणि त्याची काम करण्याची जागा अडवते. डिझेल गाडीच्या ऑक्सिडेशन उत्प्रेरकावर तर ते आणखी एक नुकसान करते. सल्फर डायऑक्साइडचे तिथेच ट्रायऑक्साइड होते, त्याचे सल्फेट बनते आणि जे यंत्र कण कमी करायला बसवले तेच नवे कण सोडू लागते. पेट्रोलमधल्या शिशाच्या बाबतीत भारत हे आधी शिकला होता. १९९५ मध्ये चार महानगरांत उत्प्रेरक बसवलेल्या नव्या मोटारी आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आधी पंपावर आणावे लागले, कारण शिशाने तो उत्प्रेरक कायमचा निकामी होतो. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. म्हणजे क्रम ठरलेला आहे: आधी इंधन, मग गाडी. हा क्रम उलटला की ग्राहकाने नव्या यंत्रणेसाठी मोजलेले पैसेही वाया जातात आणि हवाही तशीच राहते.

निर्णयाचे शंभर दिवस

भारताची चाल तोवर सावध होती. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन इंधन धोरण दिले आणि युरोपच्या मागोमाग, शहरे पुढे आणि बाकी देश मागे, असा टप्प्याटप्प्याचा आराखडा घातला. त्या काळाच्या मानाने तो शहाणपणाचा होता, कारण शुद्धीकरण कारखान्यांची क्षमताच मर्यादित होती. दुसरी मोठी समिती सौमित्र चौधरी यांची. तिने २०१४ मध्ये सुचवले की बीएस-४ देशभर २०१७ पर्यंत, बीएस-५ २०२० पासून आणि बीएस-६ २०२४ पासून आणावे. युरोपात, ज्याच्या युरो मानकांवर आपली बीएस मानके बेतलेली आहेत, मोटारींना युरो-४ २००५ मध्ये आणि युरो-६ २०१४ मध्ये लागू झाले होते. हे पाहता आपण दहा-बारा वर्षांचे अंतर जवळजवळ कायमचे मान्य करत होतो.

मग २०१५ ची शेवटची तिमाही आली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर डिझेल मोटारींत सापडले होते, आणि रस्त्यावर त्यांची नायट्रोजन ऑक्साइडे (इंजिनाच्या उष्णतेत तयार होणारे घातक वायू) मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत जात होती. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत शिरणाऱ्या मालट्रकांवर पर्यावरण भरपाई शुल्क लावले, हलक्यांना ७०० आणि मोठ्यांना १,३०० रुपये. डिसेंबरमध्ये ते दुप्पट झाले. त्याच डिसेंबरमध्ये राजधानी क्षेत्रात २००० सीसी आणि त्याहून मोठ्या इंजिनाच्या डिझेल मोटारींची नोंदणी न्यायालयाने थांबवली. १ जानेवारी २०१६ ला दिल्लीत सम-विषम योजना सुरू झाली. आणि ६ जानेवारीला केंद्र सरकारने जाहीर केले की बीएस-५ गाळायचे आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६. आदल्या नोव्हेंबरच्या मसुद्यात हीच तारीख २०२१ होती आणि मध्ये बीएस-५ चा टप्पाही होता.

दबावाखाली घेतलेला निर्णय कच्चा असतो, असे आपण सहज धरून चालतो. या निर्णयामागे मात्र एक पक्का तांत्रिक मुद्दा होता. बीएस-५ आणि बीएस-६ या दोन्हींसाठी इंधनातले गंधक १० पीपीएमच लागते. शुद्धीकरण कारखान्यांना खर्च एकदाच करायचा होता. मग त्या इंधनावर चार-पाच वर्षे बीएस-५ च्या गाड्या विकत बसण्यात हवेचा काय लाभ होता?

वाहन उद्योगाची तक्रार खोटी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. बीएस-५ मध्ये काजळी पकडणारा फिल्टर येतो आणि बीएस-६ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडांवरची प्रक्रिया. या दोन यंत्रणा एकमेकींना छळतात. फिल्टर साफ करायला धूर तापवावा लागतो आणि तापमान वाढवायला केलेल्या बदलांचा परिणाम दुसऱ्या यंत्रणेवर होतो. युरोपने एक-एक करून बसवले, आम्हाला दोन्ही एकदम आणि तेही चार वर्षांत, असे कंपन्या म्हणत होत्या. गाड्यांच्या चाचण्या आणि मंजुऱ्यांचे काम पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या वाहन चाचणी संस्थेसारख्या मोजक्या संस्थांकडे होते, तिथलीही रांग लांबणार होती. तरी ते झाले. अभियांत्रिकीत मुदत पक्की असली की काम होते आणि ती हलेल अशी आशा असली की रखडते, हे या चार वर्षांनी दाखवले असे मी म्हणेन.

मुदत पक्की राहण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात न्यायालयाला जाते. आधीच्या टप्प्यावर, १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर लागू होत असताना, कंपन्यांकडे सुमारे ८ लाख २४ हजार बीएस-३ गाड्या पडून होत्या. त्यांचे म्हणणे असे की नियम उत्पादनाला आहे, आधी बनवलेल्या गाड्या विकायला हरकत नाही. २९ मार्च २०१७ ला, अवघे दोन दिवस उरले असताना, सर्वोच्च न्यायालयाने त्यांची विक्री आणि नोंदणी बंद केली. पुढच्या दोन दिवसांत दुचाकींवर मिळालेल्या सवलती आणि दुकानांबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्या रांगांतून घराघरांत गेलेल्या गाड्या आजही धावत आहेत. पण संदेश पोहोचला. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने बीएस-४ च्या बाबतीत आधीच सांगून टाकले की १ एप्रिल २०२० नंतर अशी गाडी विकताही येणार नाही आणि नोंदवताही.

कारखाना, डेपो, पंप

या प्रकरणाचा हा भाग बातम्यांत कमी आला, आणि मला तो सर्वांत जास्त थक्क करतो.

डिझेलमधले गंधक काढायचे म्हणजे ते तापवून, मोठ्या दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमसारख्या उत्प्रेरकावरून हायड्रोजनबरोबर न्यायचे. गंधक हायड्रोजनशी जोडले जाऊन हायड्रोजन सल्फाइड वायू होतो आणि त्यातून पुढे पिवळे घन गंधक मिळते, जे खत कारखान्यांना जाते. पहिले काही हजार पीपीएम काढणे तुलनेने सोपे असते. शेवटचे चाळीस अवघड, कारण उरलेले गंधक अशा रेणूंत दडलेले असते जिथे उत्प्रेरकाला पोहोचायला जागाच मिळत नाही. त्यासाठी जास्त दाब, जास्त हायड्रोजन आणि मोठ्या भट्ट्या लागतात. हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायू किंवा नाफ्थापासून बनतो, म्हणजे त्यात कार्बन डायऑक्साइडही निघतो. स्वच्छ धुराची ही किंमत कारखान्याच्या चिमणीवर पडते आणि ती लपवण्याचे कारण नाही. शिवाय गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही जातो. तो वेगळे रसायन मिसळून भरून काढावा लागतो, नाहीतर इंजिनाचा इंधनपंप झिजतो. देशातल्या कारखान्यांनी या बदलावर तीस हजार कोटी रुपयांच्या आसपास खर्च केला.

इंधन बनले म्हणून काम संपत नव्हते. तेच तेल मैलोन् मैल पाइपलाइनींतून, रेल्वेच्या टाक्यांतून, डेपोंतून, टँकरांतून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत उतरते. या प्रत्येक ठिकाणी तळाशी जुने तेल शिल्लक असते. ५० पीपीएमचे थोडेसे तेल मिसळले तरी दहाची मर्यादा मोडते. म्हणून २०२० च्या सुरुवातीपासूनच नवे इंधन सोडत, जुने उपसत, पुन्हा नवे भरत प्रत्येक टाकी धुवून काढावी लागली. दिल्लीत हे एप्रिल २०१८ मध्येच झाले होते आणि तिथला अनुभव कामी आला. १ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीच्या आठव्या दिवशी, देशभरात १० पीपीएमचे पेट्रोल-डिझेल मिळू लागले. इंदापूरजवळच्या त्या पंपावरही.

धुराड्यात काय बदलले

डिझेल मोटारीला प्रति किलोमीटर नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये ०.२५ ग्रॅम होती, ती ०.०८ झाली. कणांची ०.०२५ वरून ०.००४५ ग्रॅम. वजनाबरोबर कणांची संख्याही मोजली जाऊ लागली, आणि हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. अतिसूक्ष्म कणांना वजन जवळजवळ नसते पण फुप्फुसात सर्वांत खोल तेच जातात. जड ट्रकच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅमवरून ०.४६ वर आली.

हे साधायला ट्रकांत डिझेलच्या टाकीशेजारी दुसरी छोटी टाकी आली. तिच्यात ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असते. ते तापलेल्या धुरात फवारले की अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडांचे साधे नायट्रोजन आणि पाणी होते. मोटारींत काजळीचा फिल्टर आला. तो भरला की ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापवून काजळी जाळावी लागते. शहरातल्या खोळंब्यात, रोज चार-पाच किलोमीटर धावणाऱ्या गाडीत, हे तापमान गाठलेच जात नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. असा दिवा घेऊन गॅरेजात आलेल्या माणसाला ‘फिल्टर काढूनच टाका’ असा सल्ला मिळणे ही मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते. त्याला खरे तर अर्धा तास हमरस्त्यावर गाडी चालवून आणा, एवढेच सांगायला हवे असते.

लहान डिझेल मोटारीला ही यंत्रणा परवडली नाही. मारुती सुझुकीने एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केले की वर्षभराने डिझेल मोटारी बंद. २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटल्यापासून त्याचा स्वस्तपणा कमी होतच होता, बीएस-६ ने लहान गाडीपुरता तो विषय संपवला. मानकाचा हा परिणाम कोणत्याही तक्त्यात नसतो. मर्यादा पाळून जितका धूर कमी झाला, त्यात न बनलेल्या गाड्यांचा धूरही मिळवायला हवा. दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणी आली, आणि देशातल्या वाहनांत दुचाकींचीच संख्या सर्वांत मोठी असल्याने तो बदलही छोटा नाही.

हवेला काय मिळाले

एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात जालंधरच्या गच्चीवरून धौलाधारचे डोंगर दिसले, ती छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. बीएस-६ सुरू झाले तो हाच आठवडा. त्या निळ्या आभाळाचे श्रेय नव्या मानकाला देणे चूक आहे. तेव्हा गाड्याच रस्त्यावर नव्हत्या, कारखाने आणि बांधकामे बंद होती. उलट त्या योगायोगाने अभ्यासाची अडचण झाली. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या मध्ये असा खंड पडला की शहराच्या हवेतला फरक मोजून ‘हा बीएस-६ मुळे’ असे बोट ठेवता येत नाही. शहराच्या हवेत धूळ असते, वीजकेंद्रांचा धूर असतो, चुली, कचरा, शेतातली आग असते. दिल्लीत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान सूक्ष्मकणांचे वार्षिक प्रमाण, आजही घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम या भारतीय मर्यादेच्या दुपटीहून वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी तर ५ आहे.

म्हणून गाडीपाशीच मोजावे लागते. दिल्ली आणि गुरुग्रामच्या रस्त्यांवर एक लाखाहून अधिक वाहनांचा धूर, ती समोरून जात असताना प्रकाशकिरणांच्या साहाय्याने मोजण्यात आला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. खासगी मोटारींत बीएस-४ च्या तुलनेत बीएस-६ ची नायट्रोजन ऑक्साइडे ८१ टक्के कमी होती, बसमध्ये जवळजवळ ९५ टक्के. हा प्रयोगशाळेतला आकडा नाही, रस्त्यावरचा आहे. ज्या युरोपात युरो-४ आणि युरो-५ च्या डिझेल मोटारी कागदावर सुधारत गेल्या आणि रस्त्यावर फारशा सुधारल्या नाहीत, त्याच्याशी तुलना केली तर हे मोठे यश आहे. नायट्रोजन ऑक्साइडे कमी होणे म्हणजे फक्त तो एक वायू कमी होणे नव्हे. हिवाळ्यात तीच अमोनियाशी मिळून नायट्रेटचे सूक्ष्मकण बनवतात, आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो.

त्याच मोजणीने एक समज मोडला. सीएनजी म्हणजे स्वच्छ, असे आपण पंचवीस वर्षे मानत आलो. काजळीच्या बाबतीत ते खरेच आहे. पण सीएनजीवरच्या काही हलक्या मालवाहू गाड्यांची नायट्रोजन ऑक्साइडे त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या १४ पटींपर्यंत निघाली. सीएनजी इंजिनात नायट्रोजन ऑक्साइडे आवरण्याची जबाबदारी उत्प्रेरकावर असते, आणि दिवसाला शेकडो किलोमीटर धावणाऱ्या व्यावसायिक गाडीत तो लवकर थकतो. थकलेला उत्प्रेरक बदलला आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

आणि विचारणार तरी कसे? आपली पीयूसी तपासणी पेट्रोल आणि सीएनजी गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहते, डिझेल गाडीत धुराचा काळेपणा. नायट्रोजन ऑक्साइडे मोजतच नाही. म्हणजे बीएस-६ ट्रकात युरियाची टाकी रिकामी ठेवून, संगणकाला फसवणारे छोटे उपकरण लावून तो पीयूसी केंद्रावर गेला तरी पास होऊ शकतो. फिल्टर कापून काढलेली मोटारही, इंजिन चांगले असेल तर, काळेपणाच्या जुन्या पद्धतीच्या चाचणीत निभावून जाते, कारण ती पद्धत फिल्टरमुळे होणारी सूक्ष्म घट टिपण्याइतकी नाजूक नाही. नव्या गाडीसाठी एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची अट आली आहे, ती योग्यच आहे. पण ती विक्रीआधी नव्या गाडीला लागते. पहिल्या मालकाने विकलेल्या, तिसऱ्या गॅरेजातून आलेल्या, सहा लाख किलोमीटर धावलेल्या ट्रकला नाही.

रस्त्यावर अशी दूरसंवेदी, म्हणजे समोरून जाणाऱ्या गाडीचा धूर प्रकाशकिरणांनी टिपणारी, मोजणी करण्याचा अनुभव देशात आहे. कोलकात्यात ती बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. २०२० मध्ये विकले गेलेले पहिले बीएस-६ ट्रक २०३० मध्ये दहा वर्षांचे होतील. तोवर ते दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेले असतील, त्यांचे उत्प्रेरक जुने झालेले असतील आणि नवा बसवण्याचा खर्च त्या मालकाच्या महिन्याच्या कमाईहून जास्त असेल. पंपावरचे डिझेल तेव्हाही १० पीपीएमचेच असेल. त्या ट्रकच्या धुराड्यातून काय बाहेर पडते हे तोवर रस्त्यावर मोजले जात असेल, तर त्या मालकाला उत्प्रेरक बदलण्यासाठी कर्ज किंवा अनुदान देण्याचा प्रश्न तरी कोणापुढे येईल. आज तो ट्रक पीयूसीचा कागद घेऊन निघतो, आणि त्या कागदावर नायट्रोजन ऑक्साइडांसाठी रकानाच नाही.